सडपातळ आणि दणकट बिझनेस लॅपटॉप: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लॅपटॉप उघडणं, साफ करणं, भाग बदलून पुन्हा जोडणं हे माझं रोजचं काम. पातळ बिझनेस लॅपटॉपबद्दल तेच ते प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, म्हणून उत्तरं एका ठिकाणी लिहून ठेवली आहेत. या जातीची यंत्रं मला मनापासून आवडतात. पण त्यांच्या उणिवा दोन प्रकारच्या असतात: काही नंतर स्क्रू फिरवून दुरुस्त होतात, काही घेतल्या क्षणी कायमच्या गळ्यात पडतात. कोणती उणीव कोणत्या प्रकारची, हे सांगायचा प्रयत्न प्रत्येक उत्तरात केला आहे.

१. 'बिझनेस लॅपटॉप' खरंच वेगळा असतो की नुसतं नाव?

वेगळा असतो, पण फरक दुकानात पाच मिनिटं हाताळून कळत नाही. थिंकपॅड, डेलचा लॅटिट्यूड, एचपीचा एलिटबुक या त्यातल्या जुन्या मालिका. थिंकपॅड आयबीएमने १९९२ मध्ये आणला आणि २००५ मध्ये तो व्यवसाय लेनोवोकडे गेला. डेलने २०२५ मध्ये लॅटिट्यूड हे नाव मागे ठेवून 'डेल प्रो' हे नाव घेतलं.

ही यंत्रं शेकड्यांनी लॅपटॉप घेणाऱ्या कंपन्या डोळ्यांसमोर ठेवून बनतात. तिथे एक यंत्र बंद पडलं की एका माणसाचं काम थांबतं. म्हणून सुटे भाग बरीच वर्षं मिळतात आणि दुरुस्तीची पुस्तिका कंपनीच्या संकेतस्थळावर कुणालाही उतरवून घेता येते. कोणता स्क्रू किती लांबीचा, बॅटरीची केबल कुठे आहे, आधी फॅन काढायचा की हीट सिंक (उष्णता बाहेर टाकणारा धातूचा भाग), सगळं चित्रांसह असतं. माझ्या लेखी या जातीचं सर्वांत मोठं बलस्थान हेच आहे, पातळपणा नव्हे.

एक सावधगिरी: याच कंपन्या 'बिझनेस' शिक्का मारून साध्या प्लास्टिकच्या, खालच्या मालिकाही विकतात. नाव एकाच घराण्याचं असलं तरी सांगाडा, बिजागरी, स्क्रीन सगळं वेगळं असतं. मॉडेलचं पूर्ण नाव आणि पिढी पाहिल्याशिवाय तुलना करू नका.

२. एवढा पातळ असून मजबूत कसा काय?

मजबुती जाडीत नसून सांगाड्यात असते. अ‍ॅल्युमिनियमची घनता दर घनसेंटिमीटरला साधारण २.७ ग्रॅम, मॅग्नेशियमची १.७४. त्यामुळे तोच आकार मॅग्नेशियमच्या मिश्रधातूत घडवला तर वजन जवळपास एक तृतीयांशाने उतरतं. झाकणाला अनेकदा कार्बन फायबर वापरतात. २०१२ मधला पहिला थिंकपॅड एक्स१ कार्बन साधारण १.३६ किलोचा होता. आज याच जातीचे १४ इंची लॅपटॉप एक किलोच्या आसपास मिळतात.

झाकण हाताने दाबलं की थोडं लवतं, म्हणून पुष्कळ जण 'हलका माल आहे' असं म्हणतात. घाई करू नका. कार्बन फायबर लवतं आणि पूर्ववत होतं. अ‍ॅल्युमिनियम ताठ वाटतं, पण कोपऱ्यावर एकदा पोचा आला की कायमचा राहतो. तपासायचंच असेल तर झाकण उघडून तळ एका कोपऱ्याला धरून उचला. करकर ऐकू आली, किंवा टचपॅड आपोआप क्लिक झालं, तर सांगाडा खरोखरच कमकुवत आहे.

मऊ, रबरासारख्या लेपाची एक खोड मात्र आहे: हाताचं तेल त्यावर बसतं आणि मनगटं टेकतात तिथे काही महिन्यांत चकाकणारे डाग पडतात. हा दोष फक्त दिसण्याचा आहे.

३. जाहिरातीत 'मिलिटरी ग्रेड' लिहिलंय. म्हणजे पडला तरी काही होणार नाही ना?

तसा अर्थ काढू नका. हा उल्लेख अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या मिल-स्टँडर्ड-८१० या दस्तऐवजाचा असतो. त्याची 'एच' ही आवृत्ती २०१९ ची. त्यात उष्णता, थंडी, दमटपणा, धूळ, कंप, आदळणं अशा चाचण्या कशा घ्याव्यात हे सांगितलेलं आहे. कोणत्या चाचण्या घ्यायच्या हे कंपनी ठरवते, आणि तपासून प्रमाणपत्र देणारं संरक्षण खात्याचं कुठलंही कार्यालय नाही.

पाडण्याच्या चाचणीचंच बघा. त्यात वस्तू ६ बाजू, १२ कडा आणि ८ कोपरे, अशी २६ वेळा पाडतात. पण हे २६ आघात पाच नगांपर्यंत वाटून घ्यायची मुभा आहे, म्हणजे एकाच यंत्राने सगळे सोसले असं नव्हे. उंची किती, खाली काय अंथरलं होतं, यंत्र चालू होतं की बंद, हे सगळं कंपनीने आखलेल्या चाचणीवर ठरतं. 'किती चाचण्या' या आकड्यापेक्षा 'कोणत्या' हे वाचा.

तरी तो उल्लेख निरर्थक नाही. बॅगेतले धक्के, प्रवासातला कंप, टेबलावरून एखाद्या वेळी खाली जाणं, यात ही यंत्रं साध्या लॅपटॉपपेक्षा खूप बरी तगतात. मी पाहिलेली बहुतेक मोडतोड दोनच प्रकारची आहे. एक, चार्जर लावलेला असताना पडून त्याच बाजूचा पोर्ट वाकणं. दुसरी, कीबोर्डवर पेन किंवा इअरफोन राहिला असताना झाकण बंद करणं. त्यात स्क्रीनवर एका बिंदूपासून कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेघा फुटतात, आणि त्यापुढे कुठलंही मानांकन कामाचं नाही. पडझडीची भरपाई साध्या वॉरंटीत नसते; त्यासाठी प्रश्न १७ पाहा.

४. कीबोर्डवर पाणी सांडलं तर वाचतो म्हणतात. खरं आहे का?

थोडं पाणी, थोडा वेळ, इतपतच खरं. कीबोर्डखाली एक पातळ पडदा असतो, तो द्रव मदरबोर्डपर्यंत जायला उशीर लावतो. काही मॉडेलमध्ये पाणी तळातून बाहेर सोडणाऱ्या वाटाही असतात, पण सगळ्याच पातळ यंत्रांत त्या नसतात. ही सोय यंत्र बंद करायला वेळ मिळावा म्हणून आहे. पुसून काम चालू ठेवण्यासाठी नाही.

सांडलंच तर लगेच चार्जर काढा, पॉवरचं बटण दाबून धरून यंत्र बंद करा आणि झाकण उघडं ठेवून कीबोर्ड खाली येईल असं तंबूसारखं उभं करा. शक्य तितक्या लवकर तळ उघडून बॅटरीची केबल सोडवा, किंवा सोडवून घ्या. वाळलं आहे का हे पाहायला मधूनच चालू करू नका. मी पाहिलेली अर्धी यंत्रं पाण्याने मेली नाहीत, या 'बघू तरी' मुळे मेली. गोड पेय असेल तर वाळल्यावरही चिकट थर राहतो. तो साफ करून घ्यावाच लागतो, नाहीतर महिनाभराने गंज धरतो.

५. सुरुवातीला एकदम वेगवान असतो, मग दहा मिनिटांत मंद होतो. प्रोसेसर खराब आहे का?

खराब नाही. पातळपणाची खरी किंमत इथे मोजावी लागते, म्हणून हे उत्तर जरा लांब आहे.

पातळ लॅपटॉपमध्ये साधारण १५ किंवा २८ वॉटच्या वर्गातले प्रोसेसर असतात. तो आकडा दीर्घकाळ पेलायच्या कामाचा. काम अचानक वाढलं की प्रोसेसर थोडा वेळ त्याच्या दुपटीहून जास्त वीजही खेचतो, आणि तेवढा वेळ यंत्र भन्नाट पळतं. मग तांब्याची चपटी नळी आणि बोटभर उंचीही नसलेला फॅन तेवढी उष्णता बाहेर फेकू शकत नाही. तापमान मर्यादेला टेकतं आणि प्रोसेसर स्वतःहून वेग उतरवतो.

दोन यंत्रांत अगदी एकच प्रोसेसर असूनही एक यंत्र अर्ध्या तासाचा व्हिडिओ बराच आधी तयार करतं, याचं कारण हेच. वेगाच्या चाचण्यांचे बहुतेक आकडे पहिल्या काही मिनिटांतले असतात. तुमचं काम पत्रव्यवहार, तक्ते, ब्राउझर, बैठका असं असेल तर ते झटक्या-झटक्याने येतं, आणि हे यंत्र नेमकं त्यासाठीच घडवलेलं आहे. तासन्‌तास चालणारं प्रोग्रॅमचं संकलन (कंपायलिंग), त्रिमितीय रेखाटन, मोठे व्हिडिओ हे तुमचं रोजचं काम असेल तर हा लॅपटॉप घेऊ नका. त्याच कंपनीचा जाड वर्कस्टेशन लॅपटॉप घ्या. ही उणीव नंतर कमी करता येते, पुसता येत नाही.

कमी करण्यासाठी तीन गोष्टी. मागची बाजू दोन-तीन सेंटिमीटर उचलून ठेवा, कारण हवा बहुतेक वेळा तळातून आत जाते. अंथरुणावर किंवा मांडीवर ती वाट बंद होते. दुसरी गोष्ट, दीड-दोन वर्षांनी फॅन साफ करा. तळ उघडलात की फॅन आणि हीट सिंकच्या पात्यांच्या मधोमध राखाडी नमद्यासारखा धुळीचा पट्टा दिसेल. तो बाहेरून हवा मारून निघत नाही, उलट आत दाबला जातो. फॅनचं पातं बोटाने धरून ठेवा आणि पट्टा चिमट्याने ओढा. अनेकदा तो अख्खा एका तुकड्यात निघतो. तिसरी, तीन-चार वर्षांनी थर्मल पेस्ट (प्रोसेसर आणि हीट सिंक यांच्यामधला लेप) बदला. एवढं केलं की जुनं यंत्र कसं शांत होतं ते स्वतः ऐका.

६. नंतर रॅम वाढवता येईल ना? आत्ता कमी घेऊन भागवतो.

बहुतेक अतिपातळ मॉडेलमध्ये वाढवता येत नाही. कमी वीज खाणारी मेमरी, म्हणजे रॅमच, मदरबोर्डवरच सोल्डर केलेली (डाख देऊन कायमची जोडलेली) असते. जागा वाचते, वेग वाढतो, बॅटरी जास्त चालते, पण वाढवायची वाट कायमची बंद होते. इंटेलच्या २०२४ मधल्या कोअर अल्ट्रा २००व्ही या मालिकेत तर मेमरी प्रोसेसरच्याच पॅकेजवर आहे आणि ३२ जीबी ही तिची कमाल मर्यादा आहे.

म्हणून माझा सल्ला ठाम आहे: पैसे वाचवायचे असतील तर स्टोरेजमध्ये वाचवा, रॅममध्ये नको. पाच वर्षं वापरायचा असेल तर १६ जीबीच्या खाली जाऊ नका. आभासी मशीन (एका यंत्रात सॉफ्टवेअरने चालवलेला दुसरा संगणक) किंवा भलेमोठे तक्ते वापरत असाल तर ३२ घ्या. लोक मला सर्वांत जास्त हळहळून सांगतात ती चूक हीच. यंत्र धडधाकट, स्क्रीन उत्तम, बॅटरी नवी घातलेली, आणि ८ जीबीमुळे चार टॅब उघडले की हँग.

काही १४ इंची, जरा जाड मॉडेलमध्ये अजून एक किंवा दोन स्लॉट असतात. एलपीकॅम२ नावाचा, स्क्रूने बसणारा नवा प्रकारही आला आहे. तो २०२४ च्या थिंकपॅड पी१ मध्ये वापरला गेला. घेण्याआधी दुरुस्ती पुस्तिकेत 'मेमरी मॉड्यूल' काढायचं पान आहे का ते पाहा. पान नसेल तर स्लॉट नाही.

७. मग एसएसडी तरी बदलता येते का?

हो, जवळपास नेहमी. एम.२ प्रकारची पट्टी एका स्क्रूवर बसते. लांबी मात्र तपासा: २२८० म्हणजे ८० मिलिमीटर, पण काही मॉडेलमध्ये २२४२ किंवा २२३० च बसते.

तळ उघडायच्या आधी डिस्कवर एन्क्रिप्शन (माहिती कुलूपबंद करणारी सोय) चालू आहे का ते पाहा आणि रिकव्हरी की वेगळ्या ठिकाणी लिहून ठेवा. बिझनेस लॅपटॉपमध्ये ते बऱ्याचदा सुरुवातीपासूनच चालू असतं. मदरबोर्ड बदलावा लागला किंवा बायोसमध्ये (विंडोजच्या आधी चालणारं यंत्राचं मूळ सॉफ्टवेअर) फेरफार झाले की यंत्र ती ४८ अंकी की मागतं. ती नसेल तर आतली माहिती कुणीही परत देऊ शकत नाही, सर्व्हिस सेंटरही नाही.

८. कंपनी म्हणते १५ तास, मला ७ तास मिळतात. बॅटरी सदोष आहे का?

सहसा नाही. हिशोब सोपा आहे. बॅटरीवर वॉट-तासांचा आकडा छापलेला असतो. समजा ५७ वॉट-तास आहेत. कमी उजेडात मजकूर लिहिताना यंत्र ४ वॉट घेत असेल तर १४ तास निघतात. व्हिडिओ बैठकीत १२ वॉट घेत असेल तर पाचही तास धड नाहीत. कंपनीचा आकडा पहिल्या प्रकारच्या वापराचा असतो.

पातळ यंत्रात बॅटरी ५० ते ६० वॉट-तासांच्या आसपास बसते, त्यामुळे वाचवायची ती स्क्रीनवर वाचवा. जास्त रिझोल्यूशनची किंवा ओलेड (प्रत्येक बिंदू स्वतः उजळणारी) स्क्रीन घेतली की तास कमी होतात. त्याबद्दल प्रश्न १२ मध्ये.

बॅटरी खरंच झिजली आहे का हे पाहायला विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये 'पॉवरसीएफजी', मग एक जागा सोडून तिरकी रेघ आणि तिला चिकटून 'बॅटरीरिपोर्ट' असं इंग्रजी अक्षरांत (powercfg /batteryreport) टाइप करा. तयार होणाऱ्या अहवालात मूळ क्षमता आणि आजची पूर्ण चार्ज क्षमता, दोन्ही आकडे असतात. दुसरा पहिल्याच्या ७० टक्क्यांखाली गेला असेल तर बॅटरी बदलायची वेळ झाली. या जातीत ती चिकटवलेली नसून बहुधा स्क्रूवर बसवलेली असते.

९. लॅपटॉप दिवसभर चार्जरलाच असतो. बॅटरी खराब होईल का?

होईल, हळूहळू. लिथियम-आयन बॅटरीला दोन गोष्टी सोसत नाहीत: पूर्ण भरलेल्या स्थितीत पडून राहणं आणि उष्णता. टेबलावर कायम जोडलेल्या यंत्रात दोन्ही एकत्र येतात.

उपाय यंत्रातच आहे. कंपनीच्या अ‍ॅपमध्ये किंवा बायोसमध्ये चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवायची सोय असते. ती लावा आणि विसरून जा. लांबच्या प्रवासाच्या आदल्या रात्री १०० करा.

फुगलेली बॅटरी ओळखायला शिका. पहिली खूण बहुतेक वेळा टचपॅडवर दिसते: क्लिक दबेनासं होतं, किंवा त्याची एक कड वर आलेली बोटाला लागते. मग सपाट टेबलावर यंत्र डुगडुगायला लागतं. एकदा एका बाईंनी 'टचपॅड बदलून द्या' म्हणून लॅपटॉप दिला. तळाचे स्क्रू सैल करताच तळाचं झाकण आपोआप वर उचललं गेलं. असं यंत्र चार्ज करू नका, फुगा टोचू नका, दाबून झाकण लावू नका. बॅटरी काढून घेऊन ई-कचऱ्यात द्या.

१०. झाकण बंद करून बॅगेत ठेवला, तर बाहेर काढताना गरम आणि बॅटरी रिकामी. असं का?

कारण तो झोपलेला नव्हता. आजचे बरेचसे विंडोज लॅपटॉप जुनी खोल झोप वापरत नाहीत. स्क्रीन बंद होते, पण यंत्र फोनसारखं अधूनमधून जागं होऊन नेटवर्क तपासतं, अपडेट उतरवतं. बंद बॅगेत हवा नाही, आणि पातळ यंत्राला उष्णता साठवायला जागा नाही. हा हार्डवेअरचा दोष नाही, तरी त्याने बॅटरीचं आयुष्य खरोखर घटतं.

पॉवरच्या सेटिंगमध्ये जाऊन 'झाकण बंद केल्यावर' या पर्यायात हायबरनेट (काम डिस्कवर साठवून यंत्र पूर्ण बंद करणं) निवडा. उघडताना काही सेकंद जास्त लागतील, पण बॅगेत यंत्र थंड राहील.

११. दोन-तीनच पोर्ट आहेत. त्यात कसं भागवायचं? कोणताही टाइप-सी चार्जर चालतो का?

टाइप-सी हे फक्त भोकाच्या आकाराचं नाव आहे. त्यातून काय जातं ते पोर्टनुसार बदलतं. एका पोर्टमधून चार्जिंग, स्क्रीन आणि डेटा तिन्ही जातं, शेजारच्या तशाच दिसणाऱ्या पोर्टमधून फक्त डेटा. शेजारी विजेची खूण असेल तर बहुधा थंडरबोल्ट (सगळं नेणारा वेगवान पोर्ट) आहे; थंडरबोल्ट ३ आणि ४ या दोन्हींचा वेग ४० गिगाबिटपर्यंत जातो. एकाच केबलने दोन स्क्रीन, नेटवर्क आणि चार्जिंग हवं असेल तर असा एक तरी पोर्ट घ्याच. ही सोय नंतर घालता येत नाही.

चार्जर पॉवर डिलिव्हरी प्रकारचा (किती वीज द्यायची हे यंत्राशी ठरवणारा) असेल तर दुसऱ्या कंपनीचाही चालतो. पातळ बिझनेस लॅपटॉपना साधारण ४५ किंवा ६५ वॉट लागतात. फोनचा २० वॉटचा लावला तर यंत्र 'हळू चार्ज होत आहे' असं सांगेल, किंवा चार्जच होणार नाही. जास्त वॉटचा लावल्याने बिघडत नाही, यंत्र हवी तेवढीच वीज मागतं. केबलही तेवढी वीज पेलणारी हवी.

काळजी घ्यायची ती पोर्टची. अनेक मॉडेलमध्ये टाइप-सी पोर्ट थेट मदरबोर्डवर सोल्डर केलेला असतो. तो सैल झाला तर दुरुस्ती बोर्डाची. चार्जर लावलेला लॅपटॉप मांडीवर घेऊन बसलात की केबल पोर्टला खाली ओढते. रोज असं होत असेल तर काटकोनात वळलेल्या टोकाची केबल घ्या.

१२. स्क्रीन कोणती निवडू? पर्यायांची नावंच कळत नाहीत.

तीन गोष्टी पाहा. उजेड: ३०० निट (उजेड मोजायचं एकक) खोलीत पुरतो, खिडकीपाशी किंवा बाहेर ४०० तरी हवेत. रंग: '४५ टक्के एनटीएससी' लिहिलेला पॅनेल टाळा, लाल रंग विटकरी दिसतो; '१०० टक्के एसआरजीबी' घ्या. पृष्ठभाग: मॅट असेल तर डोक्यावरचे दिवे स्क्रीनवर उमटत नाहीत.

१४ इंचांना १९२० बाय १२०० पुरेसं आहे आणि बॅटरीही वाचते. ओलेड सुंदर दिसते, पण काहींना कमी उजेडात तिची सूक्ष्म लुकलुक डोळ्यांना जाचते. आधी एखादा तासभर वापरून पाहा.

शेजाऱ्याला दिसू नये म्हणून येणारी 'प्रायव्हसी' स्क्रीन विचार करूनच घ्या. बाजूने पाहताना ती काळवंडते, हे तिचं कामच आहे. पण दोघांनी मिळून काही पाहायचं झालं तर पंचाईत होते. स्क्रीन नंतर बदलणं शक्य असतं, तरी खर्च आणि खटपट पाहता ती घेतानाच ठरवा.

१३. कीबोर्डची एवढी स्तुती का होते? आणि मधला लाल ठिपका कशासाठी?

कारण दिवसभर हात त्यावरच असतात. बटणाला मधोमध खोलगट वळण असतं, बोट आपोआप जागेवर बसतं. यंत्रं पातळ होत गेली तशी बटणाची खोली कमी झाली आहे, हे जुन्या वापरणाऱ्यांचं दुःख खरं आहे. तरी या जातीत ती अजून इतरांपेक्षा बरी असते.

लाल ठिपका हा थिंकपॅडचा, १९९२ च्या ७००सी पासूनचा. त्यावर बोट टेकवून कल दिला की बाण सरकतो, हात टायपिंगच्या जागेवरून हलवावा लागत नाही. पहिले दोन दिवस चीड येते. आठवडाभर द्या.

कीबोर्ड बदलायचा झाल्यास जुन्या यंत्रांत दोन स्क्रू काढून तो वरून निघायचा. आजच्या कित्येक पातळ मॉडेलमध्ये तो त्याच्याभोवतीच्या वरच्या अख्ख्या चौकटीला जोडलेला असतो, म्हणजे मदरबोर्डसकट सगळं बाहेर काढावं लागतं.

१४. गेम, स्पीकर, कॅमेरा यांत कसा असतो?

गेमसाठी घेऊ नका. वेगळं ग्राफिक्स कार्ड नसतं आणि उष्णतेचं कारण प्रश्न ५ मध्ये आहेच. स्पीकर बोलण्यापुरते ठीक. कॅमेऱ्यावर सरकतं झाकण असतं. चित्र काळं दिसतंय म्हणून तक्रार करण्याआधी तेवढं पाहून घ्या, निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात.

१५. चार्जर लावला की धातूच्या कडेला हात लावताच मुंग्या येतात. धोका आहे का?

हे पुष्कळांना जाणवतं. दोन पिनांच्या चार्जरमध्ये विजेचा गोंगाट गाळणारे छोटे कपॅसिटर असतात. त्यांच्यातून अगदी क्षीण विद्युतप्रवाह धातूच्या अंगावर येतो. चांगल्या चार्जरमध्ये तो सुरक्षित मर्यादेत असतो. तीन पिनांचा चार्जर, नीट अर्थिंग असलेल्या सॉकेटला लावा, मुंग्या जातात. पण सणसणीत झटका बसत असेल तर चार्जर ताबडतोब बाजूला काढा, तो पुन्हा वापरू नका.

१६. कंपनीतून उतरलेला जुना बिझनेस लॅपटॉप घ्यावा का?

घ्यावा, मी स्वतः आवर्जून सुचवतो. तीन-चार वर्षं जुनं उत्तम यंत्र हे नव्या साध्या यंत्रापेक्षा बहुतेकदा जास्त टिकतं. पण सुरक्षेच्या ज्या सोयी या जातीचं बलस्थान आहेत, त्याच इथे अडचण होतात. पैसे देण्याआधी हे स्वतः करून पाहा:

बायोसमध्ये जा. पासवर्ड मागितला आणि विक्रेत्याला तो ठाऊक नसेल तर तिथूनच परत या. बिझनेस मॉडेलमध्ये तो बॅटरी काढून किंवा सेल काढून जात नाही. बऱ्याचदा बोर्डच बदलावा लागतो.

बायोसमध्ये असतानाच चोरीनंतर माग काढणारी 'अ‍ॅब्सोल्यूट' किंवा 'कॉम्प्युट्रेस' नावाची सोय पाहा. ती 'अ‍ॅक्टिव्हेटेड' दिसत असेल तर आधीच्या मालकाने यंत्र अजून सोडलेलं नाही.

मग विंडोज नव्याने सुरू करून इंटरनेट जोडा. सुरुवातीलाच एखाद्या संस्थेचं नाव आणि लॉगिन मागितलं तर यंत्र त्या संस्थेच्या व्यवस्थापनात नोंदलेलं आहे. फॉरमॅट करूनही ते परत येतं, कारण नोंद यंत्रात नसून त्यांच्या सर्व्हरवर असते. ही पायरी इंटरनेटशिवाय केली तर काहीच दिसत नाही, आणि फसगत इथेच होते.

शेवटी प्रश्न ८ मधला बॅटरी अहवाल काढा, बिजागरी उघडझाप करून पाहा, प्रत्येक पोर्टला काहीतरी जोडून पाहा.

प्रोसेसरची पिढीही बघा. विंडोज १० चा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) लागतं आणि इंटेलच्या बाबतीत साधारण आठव्या पिढीपासूनचेच प्रोसेसर अधिकृतपणे चालतात. त्याहून जुनं यंत्र घ्यायचं तर लिनक्सच्या (विंडोजऐवजी चालणारी मोफत प्रणाली) तयारीने घ्या. या मालिकांवर ते फार छान चालतं.

१७. वॉरंटी कोणती घ्यावी? सगळ्या सारख्याच दिसतात.

एकाच मॉडेलवर तीन वेगळ्या गोष्टी विकल्या जातात. यंत्र सर्व्हिस सेंटरला नेऊन द्यायचं ती साधी. तंत्रज्ञ तुमच्या जागी येतो ती ऑनसाइट. पडणं, सांडणं, स्क्रीन फुटणं यांची भरपाई ही तिसरी, आणि ती पहिल्या दोन्हींत धरलेली नसते. रोज बॅग घेऊन फिरणाऱ्याने आधी तिसरी घ्यावी. बॅटरीची मुदत अनेकदा यंत्रापेक्षा कमी असते, ती वेगळी विचारा. तळाचा अनुक्रमांक कंपनीच्या संकेतस्थळावर टाकला की उरलेली मुदत दिसते, जुनं यंत्र घेतानाही.

१८. पाच वर्षं झाली. बदलू की दुरुस्त करू?

क्रमाने पाहा. रॅम १६ जीबी आहे का? नसेल आणि सोल्डर केलेली असेल (प्रश्न ६), तर खर्च करू नका. असेल तर पुढचा प्रश्न: मदरबोर्ड आणि स्क्रीन ठीक आहेत का? या दोन्हींपैकी एक गेलं असेल तर दुरुस्तीचा खर्च सहसा तेवढ्याच वयाच्या चालू यंत्राइतका होतो.

हे दोन्ही धड असेल तर नवी बॅटरी घाला, फॅन साफ करा, थर्मल पेस्ट बदला. बॅटरी भागाचा क्रमांक जुळवूनच घ्या. तो जुन्या बॅटरीच्या लेबलवर छापलेला असतो, लेबलचा फोटो काढून ठेवा. तळाचे स्क्रू काढताना ते ज्या जागी होते तसेच कागदावर मांडा, कारण लांबी वेगवेगळी असते आणि लांब स्क्रू चुकीच्या भोकात पिळला तर वरच्या बाजूला मनगटाखाली टेंगूळ येतं.